भिंत वाळेपर्यंत

खरेदीखताच्या आदल्या दिवशी मी आणि ताई घर शेवटचं बघायला गेलो. घर विकणारे सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी दार उघडलं, "या, बसा" म्हणाले आणि झपाझप उलटे चालत जाऊन बैठकीच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

आम्हाला वाटलं, कंबर धरली असेल.

"सर, तुम्हीपण बसा ना," ताई म्हणाली.

"पस्तीस वर्षं उभं राहून शिकवलंय. आता बसणं जमत नाही."

समोरच्या खुर्चीत त्यांचा चष्मा, वर्तमानपत्र आणि बसून बसून पडलेला खड्डा होता.

आम्ही नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून लावल्या. सर जागेवरूनच "बटण डाव्या हाताला!" असं मार्गदर्शन करत होते. चहासुद्धा त्यांनी मलाच करायला लावला. मी परक्या घरात साखर शोधली आणि यजमानांना उभ्या उभ्या कप नेऊन दिला.

कप घ्यायला ते जरा पुढे झुकले. मागे भिंत ओलीचिंब, रंग फुगलेला आणि मधलं टोपलीएवढं प्लास्टर गायब. सर पटकन मागे झाले. पण अंगाने बेताचे असल्यामुळे भिंत दोन्ही बाजूंनी उरली.

आमची भाड्याची जागा रविवारी रिकामी करायची होती. नवे भाडेकरू पडद्यांची मापंही घेऊन गेले होते. खरेदी लांबली तर आम्ही सामानासकट रस्त्यावर. त्यामुळे मला काहीच दिसलं नाही. मी खिडकीची तोंडभरून तारीफ केली.

ताई नर्स आहे. कुठेच दुखत नाही म्हणणारी माणसं ती रोज बघते.

"सर, तुमचा सदरा पाठीमागून भिजलाय. इकडे या."

सर दोन पावलं पुढे आले. "परवा वरच्यांची नळी फुटली. नळी त्यांनी बदलली, भिंतीचा खर्चही देतायत. पण तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गेला असतात."

"आणि उद्या सही झाल्यावर?"

"पत्र लिहिणार होतो."

ताईने गवंड्याला बोलावलं. त्याने भिंतीवर टकटक केलं, कान लावला. "काम दोन दिवसांचं. वाळायला दहा दिवस."

"मग वाळल्याशिवाय सही नाही," ताई म्हणाली.

"अगं, थोडीशी ओल..."

"तू गप्प बस. मघाशी तारीफ केलीस त्या खिडकीतून समोरच्यांची मोरी दिसते."

"मग रविवारी आपण जायचं कुठे?"

सरांनी घसा खाकरला. "आतल्या दोन खोल्या कोरड्या आहेत. सामान इकडेच आणा. फक्त सकाळी सहाला मी मोठ्याने बातम्या ऐकतो."

रविवारी आमचं कपाट त्यांच्या कपाटापुढे लागलं. घरातले सगळे पंखे भिंतीकडे तोंड करून होते आणि आम्ही तिघं घामाघूम. ताई ड्यूटीवरून आली की आधी भिंतीला तळवा लावून बघायची, मग आमची चौकशी करायची. तेराव्या दिवशी गवंडी म्हणाला, "खणखणीत!"

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात तिघं एकाच गाडीतून गेलो. कारकुनाने सरांना पत्ता विचारला. सरांनी सांगितला.

"खरेदीदारांचा?"

"तोच," ताई म्हणाली.

"आणि विकायचं घर कुठलं?"

"तेच," मी म्हणालो.

कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"भिंत ओली होती," सर म्हणाले.

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.