आलेलीनं आधी रडायचं

उमरखेडहून तीन कोसांवर उज्ज्वलाचा तांडा आहे, आणि त्या तांड्यात बहिणी भेटल्या की आधी हसत नाहीत, रडतात. सासरहून आलेली अंगणात पाय ठेवते, घरातली धावत येते, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि सूर धरून, नावं घेऊन रडतात. इतके दिवस कुठं होतीस, तुझ्याविना कसे काढले, सगळं त्या सुरात येतं. त्यातही एक नेम आहे. आलेलीनं आधी सूर धरायचा, घरातलीनं मागून ओढायचा. चुलतबहीण कोकिळा लग्न होऊन पुण्याकडे गेली तेव्हापासून सूर नेहमी तीच धरायची. उज्ज्वला कधी कुठं गेलीच नव्हती, ती काय धरणार!

भेट वर्षातून एकदा, आणि बोलायचं तर रोजचं साचलेलं. म्हणून दोघींनी एक सोय काढली होती, मोबाइलवरचा खेळ. ‘काळदरी’ त्याचं नाव. देशभरातले हजारो लोक एकाच वेळी त्या दरीत फिरतात. प्रत्येकानं आपलं एक पात्र घ्यायचं, ते वाढवायचं आणि जोडीनं लढायचं. उज्ज्वलानं आपल्या ढालवालीला वारलेल्या आजीचं नाव दिलं, लालीबाई. कोकिळेच्या वैद्यिणीचं नाव केसुला. दर रविवारी दुपारी चारला दोघी दरीच्या वेशीवरच्या लिंबाखाली भेटत. लालीबाई पुढे ढाल धरी, केसुला मागून तिच्या जखमा भरी, आणि कानातल्या हेडफोनमधून कोकिळेच्या सासूचा उद्धार चालू असे.

दोन वर्षांपूर्वी सोयाबीन काढताना उज्ज्वलाचा उजवा हात थ्रेशरमध्ये गेला. अंगठा गेला, दोन बोटं गेली. जीव वाचला हेच खूप, असं सगळे म्हणाले आणि तीही म्हणाली. डाव्या हातानं चहा गाळायला, सही करायला शिकली. उमरखेडला झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली. जमेना ते फक्त लालीबाईला लढवणं. एका वाराला चार बटनं एकापाठोपाठ दाबावी लागत, तीही उजव्या अंगठ्यानं, पापणी लवायच्या आत. पुढच्या चैत्रात तिनं एकदा करून पाहिलं. ढाल उचलायला उशीर झाला, लालीबाई पडली, तिच्यामागं केसुला पडली, आणि सोबतच्या कुण्या अनोळखी माणसानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "इसको बाहर निकालो." उज्ज्वलानं फोन बंद केला.

दोन महिन्यांनी खेळात एक बदल झाला. ‘सोपी लढाई’ आली. एकच मोठं बटन, तेही आपल्याला पाहिजे त्या कोपऱ्यात. ते दाबून धरलं की वार, वळण, पुन्हा वार हे पात्र आपलं आपण करतं. कोकिळेनं त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "उज्जी, आता एका हातानं होते. ये नं वं. लय सोपं हाये."

आता यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. पण उज्ज्वला म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी. तिला त्यात कीव दिसली. तिनं उलट लिहिलं, "मले लुल्या लोकायचं खेळनं नको. तू खेळ, तुले दोन हात हायेत." कोकिळेचे चार फोन आले, हिनं उचलले नाहीत. त्या दिवाळीला कोकिळा तान्ह्या पोरीला घेऊन तांड्यात आली, तर ही कामाचं निमित्त काढून उमरखेडला गेली आणि दुकानाच्या बंद शटरपाशी दिवसभर बसून राहिली. अंगणातलं रडणं त्या वर्षी झालंच नाही. पुढे फोनही थांबले. यंदा तर कोकिळा दिवाळीला येणारच नाही, असा निरोप आला.

रुसणं सोपं असतं, ते निभावणं अवघड. रविवारी चार वाजले की उज्ज्वलाचा अंगठा ठणकायचा. नसलेला अंगठा, आणि तोही नेमका चारला! आईला सांगितलं असतं तर तिनं कुण्या बाबाकडे नेलं असतं, म्हणून सांगितलं नाही. पण तिला बाबाची नाही, कोकिळेची गरज होती. कोकिळेचा तो किनरा आवाज, "उज्जी, ढाल धर वं, मेली मी!" तो ऐकायला जीव नुसता तळमळायचा.

अशात खेळाकडून निरोप आला. दीड वर्ष न उघडलेली पात्रं या रविवारी पुसली जातील. म्हणजे लालीबाई जाणार, आणि तिच्या नावाखालची ‘जोडीदार: केसुला’ ही ओळही जाणार. सरळ फोन लावता आला असता, पण स्वतःच न उचललेल्या फोनची लाज एवढी साचली होती की हात धजेना. दोघींचं असं त्या दरीतलं तेवढंच एक अंगण उरलं होतं.

रविवारी तीनला ती घरापुढच्या सावलीत खाटेवर बसली. याडी, म्हणजे तिची आई बसंतीबाई, आत सुपात ज्वारी निवडत होती. खेळ उघडला. लालीबाई जिथं पडली होती तिथंच होती, खिंडीच्या पलीकडे. वेस गाठायची तर मधले तरस मारणं भाग होतं. उज्ज्वलानं हट्टानं जुनीच चार बटनं धरली. डावा हात आडवा घालून दाबून पाहिलं. लालीबाई पडली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा चारला दहा कमी होते.

"मर वं बाई तुह्या नाकासाठी," ती स्वतःलाच म्हणाली आणि ‘सोपी लढाई’ लावली.

बटन डाव्या कोपऱ्यात आणलं, दाबून धरलं. लालीबाईनं भाला उचलला आणि आपली जुनी गिरकी घेतली. उज्ज्वलाच्या डोळ्यांना धारा लागल्या. फुकट काही मिळत नव्हतं. कोणता तरस आधी गाठायचा, पुढे कधी जायचं, माघार कधी घ्यायची, हे सगळं अजून तिलाच ठरवायचं होतं. बटन फक्त बोटांचं काम करत होतं. एवढ्याशा कामासाठी आपण बहीण सोडली, हे तिला तिथं खाटेवर बसून कळलं.

चार वाजून पाच मिनिटांनी लालीबाई वेशीवर पोचली. लिंबाखाली केसुला उभी होती. तिच्या नावापुढे बारीकसं हिरवं पान होतं. ‘सोपी लढाई’ लावणाऱ्यांच्या नावापुढे येतं ते. आता लालीबाईच्याही नावापुढे आलं होतं.

"उज्जी?" हेडफोनमध्ये आवाज आला. "तूच हायेस का वं?"

उज्ज्वलाला भलतंच सुचलं. "तुह्या नावापुढे पान काहून?"

"पोरगी असते नं एका हातात. आताबी हाये, सोडतच नाही मले. ते बटन नसतं तं म्या कशी लढली असती? मले जमलं, म्हणून तुले सांगतलं होतं. दर रविवारी येतो मी अठी. अर्धा घंटा उभी राहतो, मंग जातो."

उज्ज्वलानं मनातल्या मनात ते सगळे रविवार पाहिले. लिंबाखाली एकटी केसुला, आणि पुण्यात एका हातानं तिला तिथं उभी ठेवणारी कोकिळा.

आता काय व्हायचं ते दोघींना ठाऊक होतं, पण कोकिळा सूर धरेना. उज्ज्वला वाट पाहत राहिली, आणि मग एकाएकी तिच्या ध्यानात आलं. कोकिळा तर इथंच होती. ती कुठं गेलीच नव्हती.

उज्ज्वलानं हेडफोन काढून टाकला. फोन गालाशी दाबला. तीन बोटं गेलेला हात, ज्याला मिठी मारायला समोर गळा नव्हता, तो तसाच हवेत वर झाला. आणि तिनं सूर धरला. आधी घोगरा, मग मोकळा, कोकिळेचं नाव घेऊन, लांबवर. क्षणभरानं फोनमधून कोकिळेनं तो मागून ओढला. तिकडे पोरगीही भोकाड पसरून सामील झाली.

बसंतीबाई हातात सूप घेऊन तशीच धावत बाहेर आली. असं रडणं ऐकलं की तांड्यात कुणी घरात बसत नाही. तिनं अंगण पाहिलं, रस्ता पाहिला. कुणीच नव्हतं.

"कोन आलं वं?" तिनं विचारलं. "उज्जी, कोन आलं?"

उज्ज्वलानं फोन गालापासून हलवला नाही.

"मीच आली, याडी."