चार सेकंदांची मुलगी

"आजोबा, या पिक्चरमधली सगळी माणसं मेलीत ना?"

हे मी विचारून दाखवावं, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. शाळेने त्या रविवारी आम्हाला सकाळच्या जुन्या पिक्चरला धरून आणलं होतं. थिएटरात वरच्या खोलीत पिक्चरचं मशीन चालवणारे आजोबा चिडतील आणि मजा येईल, असा बेत.

"बहुतेक मेलीत," आजोबा म्हणाले. "उरलेली तुमच्या जांभया बघून मरतील."

मी खो खो हसले. मैत्रिणी खाली गेल्या, मी तिथेच राहिले. मग दर रविवारी जायला लागले. एका पिक्चरमधली बाई नवऱ्याचं पत्र वाचते आणि मिनिटभर नुसती त्याची घडी घालत बसते. संगीत नाही, संवाद नाही, आणि मी काचेला नाक लावून रडतेय! मी, जिला मोबाइलवरचा व्हिडिओही पळवत बघायची सवय!

"हिला लागण झाली," बाबा घरी म्हणायचे.

आजोबांचे डोळे अधू होत चालले होते, म्हणून त्यांनी मला रीळ गुंडाळायला शिकवलं. हाताने, सावकाश, फिल्मची कड दोन बोटांत धरून. कडेची भोकं फाटलेली असली की बोटाला कळतं. तिथे थांबायचं, चिकटपट्टी लावायची.

"जुन्या रिळाला मोटर लावायची नाही," ते बजावायचे. "म्हातारं आहे ते. पळवलंस तर मोडेल."

मग एकदा त्यांनी कपाटातून नऊ डबे काढले. तो पिक्चर आता कुणाला आठवतही नाही. पण शेवटच्या रिळात एक लहान मुलगी पुलावरून पळत जाते. चार सेकंद. ती त्यांची मुलगी. शूटिंगवाल्यांना गर्दी हवी होती, म्हणून तिला पळायला सांगितलं. पुढच्याच वर्षी ती तापाने गेली. तिचा एकही फोटो नाही. जे आहे ते एवढंच.

"डोळे पुरते जायच्या आत एकदा खुर्चीत बसून बघायचंय तिला. मशीन तू चालवशील?"

मी हवेतच गेले! रविवारी लावायचं ठरलं. शनिवारी दुपारी ते डॉक्टरकडे गेले होते. आठ रिळं हाताने गुंडाळून झाली होती, आता आपल्याला सगळं येतं असं वाटत होतं. नवव्याला मी मोटर लावली. जरा वेळ छान चाललं. मग टर्रर्र.

नेमकी तीच जागा. जवळजवळ सहा फूट फिल्म फाटून चुरगळली होती. मी तेवढी कापून काढली, टोकं जोडली, तुकडे दप्तरात लपवले. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी आजोबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी गुपचूप रीळ मशीनवर चढवलं.

ते पहिल्या रांगेत बसले. पूल आला तसे पुढे झुकले, शेजारच्या तिकीटवाल्या मावशींचा हात त्यांनी घट्ट धरला. पूल, आणि लगेच रिकामा रस्ता.

नंतर ते जिना चढून वर आले आणि माझ्याकडे बघून लाजल्यासारखं हसले.

"पापणी लवली गं. इतकी वर्षं थांबलो आणि मेली नेमकी तेव्हाच लवली. पुढच्या रविवारी परत लावू या. पापण्या बोटांनी ताणून बसतो बघ."

मी "हो" म्हणाले. खरंच, "हो" म्हणाले.

घरी जेवताना मी नुसता भात चिवडत बसले. "काय गं, आज पिक्चर एवढा रडका होता?" आईने विचारलं. मी हुंदके देत सगळं सांगितलं आणि तुकडे ताटाशेजारी ठेवले. आईने एक तुकडा खिडकीच्या उजेडात धरला.

"अगं बाई, केवढीशी आहे ही," ती म्हणाली.

बाबा हळूच म्हणाले, "नको सांगूस. त्यांना वाटू दे पापणीच लवली. दुःख तरी कमी होईल."

"नाही बाबा. रविवारी ते परत डोळे ताणून बसतील आणि ती येणारच नाही. परत स्वतःलाच दोष देतील. मी आत्ता जातेय. हे तुकडे त्यांच्या हातात देणार आणि मी फाडलं म्हणून सांगणार. मग मला त्या खोलीत परत पाऊल ठेवू दिलं नाही तरी चालेल."