ऐच्छिक विषय

मारी लोकांच्या प्रजासत्ताकाच्या नव्या प्रमुखांच्या दालनात गेन्नादी आयप्लातोवला चहा मिळाला तो पहिल्यांदाच. प्रमुख वर्षभरापूर्वी मॉस्कोहून नेमून आलेले, वयाने त्याच्या मुलाएवढे.

"गेन्नादी याकोव्लेविच, विधेयक तुम्हीच मांडा," ते म्हणाले. "शाळेत मारी भाषा ऐच्छिक. ज्याला हवी तो शिकेल. एवढंच तर आहे."

"दुसऱ्या कुणी मांडलं तर?"

"रशियन माणसानं मांडलं तर तुमचे लोक बोंबलतील. तुम्ही मारी. शिवाय सक्तीचा कायदाही तुमचाच ना?"

त्याचाच होता. सोव्हिएत राज्य मोडलं तेव्हा तो खेड्यातला मास्तर होता. चौकात लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, विधानसभेत पाठवलं, आणि तिथे त्यानं पहिलं काम केलं ते या कायद्याचं. त्याला एकोणतीस वर्षं झाली.

"मारी वर्तमानपत्र आणि नाटकमंडळी, दोन्हींचं अनुदान कापायच्या यादीत आहे," प्रमुख सहज बोलल्यासारखे बोलले. "तुम्ही सोबत असलात तर यादी बदलेल. शब्द देतो."

शनिवारी तो गावी थोरल्या बहिणीकडे गेला. आयविका गावच्या शाळेत अडतीस वर्षं मारी शिकवत होती. मटण भरलेल्या करंज्या ती उकळत्या पाण्यात सोडत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"अका, मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी मांडेलच. वर वर्तमानपत्र जाईल, नाटक जाईल."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," ती म्हणाली. "पण दांड्याला निदान भाषण करावं लागत नाही."

"मग राजीनामा देऊ?"

ती ओरडेल, हात धरून अडवेल, अशी त्याला आशा होती. तिनं झारा बाजूला ठेवला.

"दे की. पण त्यानं काही अडेल असं मला वाटत नाही. वर्गात सात पोरं उरलीत. आया येऊन विचारतात, 'बाई, मारी शिकून काय मिळणार?' काय सांगू? तुझ्या नातवाला तरी येतं का?"

त्यानं कोट काढून खुंटीला अडकवला.

"बस, वाढते," ती म्हणाली.

विधेयक मांडायच्या भाषणाची पहिली दोन वाक्यं त्यानं मारीत लिहून नेली होती. सभापतींनी वरूनच सांगितलं, "आज दुभाषी रजेवर आहे. रशियनमध्ये बोला." तो रशियनमध्ये बोलला. विरोधात तीन हात वर झाले. त्यातला एक पूर्वी वनाधिकारी असलेल्या म्हाताऱ्या आमदाराचा, ज्याच्या अडाणी मारीची गेन्नादी जन्मभर टिंगल करत आला होता. अकरा मिनिटांत सगळं आटोपलं. तो बाहेर आला. चौकात लोक जमलेही नव्हते.

वसंतात वर्तमानपत्र बंद झालं. नाटकमंडळी शहरातल्या रशियन नाट्यगृहात विलीन केली गेली. तो धावत प्रमुखांच्या कार्यालयात गेला, तर प्रमुखांना मॉस्कोत बढती मिळालेली. त्यांच्या जागी आलेल्यानं दारातूनच सांगितलं, "असा कुठला शब्द आमच्या कागदांत नाही." पुढच्या निवडणुकीत पक्षाच्या यादीत गेन्नादीचं नाव नव्हतं. त्याच्याकडून करून घ्यायचं आता काही उरलं नव्हतं.

सप्टेंबरात गावच्या शाळेत मारीसाठी दोनच पालकांनी सही केली. दोघांसाठी वर्ग चालत नाही. आयविकाला मुलांचे कोट सांभाळायच्या खोलीत बसवलं. पेन्शन तुटपुंजी, म्हणून तिनं तेही काम घेतलं.

तो भेटायला गेला तेव्हा शाळा सुटत होती. मुलं रांगेत उभी होती, ती एकेकाच्या हातात कोट देत होती.

"अका," तो मारीत म्हणाला, "माझ्याशी चार शब्द बोल."

तिनं वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, फक्त थकवा होता. ती रशियनमध्ये बोलली. आपल्याशी बोलताना तिच्या तोंडून ती भाषा त्यानं जन्मात ऐकली नव्हती. "बाजूला हो रे. पोरांची बस चुकेल."

तो भिंतीला टेकून रांग संपायची वाट पाहत राहिला.