बरगडी हाताला लागली

मी वजनाचा काटा बोलतोय. दुकानात गल्ल्याशेजारी ऐटीत बसणारा नव्हे. उरवडे गावाच्या वरच्या अंगाला बाजीच्या मेंढरांचा वाडा आहे, त्यापुढच्या करंजाच्या फांदीला मी टांगलेला असतो. वर कडी, खाली हूक आणि मध्ये ताटलीएवढं गोल तोंड. शेळी, बोकड, मेंढा पोत्याच्या झोळीत घालून हुकाला अडकवला, की मी वजन सांगतो. खोटं बोलायची मला सवय नाही आणि कुणाचं मन राखायचीही नाही.

या घरात एक रीत आहे. विकायचं तेवढंच जनावर काट्यावर चढवायचं. आणि विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं व्यापाऱ्याला द्यायचं नाही. बाजीची बायको सुंदरा ते सोडून घेते आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवते. थोडक्यात, माझ्या झोळीत बसलेलं जनावर पुन्हा वाड्यात जात नाही. माझं तोंड बघायला कुठलंच जनावर उत्सुक नसतं, ते उगीच नाही.

खरं तर सुंदराचं माझ्यावाचून काही अडत नाही. ती जनावराच्या पाठीवरून, बरगड्यांवरून तळहात फिरवते. हाड लागलं की म्हणते, "अजून थांबा." बोट मऊ रुतलं की, "भरलंय, बोलवा व्यापाऱ्याला." मग मला राबवायचं आणि शेवटी तिचंच खरं ठरायचं. मला राग यायचा, पण इलाज नव्हता.

त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धनाथ बावधनला एका साहेबांची गाडी चालवतो आणि तिकडेच राहतो. तो गेल्यापासून चुलीपाशी रोज एखादी भाकरी उरायची. एका रविवारी तो साहेबांच्या गाडीतून एक पिल्लू घेऊन आला. पिल्लू कसलं, शिंगरूच ते! ग्रेट डेन जातीचं, लांब पायांचं, राखाडी. सिद्धनाथचे कौस्तुभसाहेब परदेशी निघाले होते, म्हणून त्यांचं पिल्लू आता इथेच राहणार होतं.

"सायबांनी सांगितलंय, खाणं मापात ठिवा," सिद्धनाथ म्हणाला. "मोठ्या जातीचं हाय. वजन झपाट्यानं वाढलं तर पायांना झेपत न्हाई."

सुंदराने तळहात फिरवला आणि तिचा जीव कळवळला. "बरगड्या लागत्यात की रं ह्याच्या. मापात म्हंजी उपाशीच ठिवलंय लेकराला."

शेजारच्या कोंडाजीने भर घातली. "वैनी, दारातलं जनावर आसं दिसलं तर लोकं घराला नावं ठिवत्यात."

झालं. उरलेली भाकरी त्याची झाली, मग त्याच्यासाठी जास्तीच्या भाकऱ्या होऊ लागल्या. भाकरीवर शेळीचं दूध आलं, घरच्या तुपाची धार आली. सुंदराने त्याचं नाव ठेवलं दांडग्या, आणि तो नावाला जागला. येणारा-जाणारा म्हणायचा, "काय बोकड पोसलाय!" सुंदरा हसून त्याच्या पाठीवर थाप मारायची. मी वर टांगलेला, सगळं बघत होतो. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय काट्याला बोलता येत नाही.

वर्ष उलटलं तसा दांडग्या उठताना कण्हू लागला. मागचे पाय थरथरायचे. "आशक्तपणा आलाय," सुंदरा म्हणाली, आणि तिने अंडी सुरू केली.

पुढे मेंढरांना लस टोचायला डॉक्टर राजनंदिनी आल्या. त्यांची नजर दांडग्यावर गेली. "काकू, ह्याला काट्यावर घ्या."

"न्हाई. इकायचं जनावर काट्याव चढतं. ह्यो घरचा हाय."

"बरं, मग इथे हात ठेवा. बरगड्या लागतात का?"

"एक बी न्हाई," सुंदराचा चेहरा उजळला. "बोटं रुतत्यात."

"बोकड असता तर मी तुमचं कौतुक केलं असतं," डॉक्टर हळू म्हणाल्या. "पण ह्याला विकायचं नाही ना? ह्याला चालायचंय. कुत्र्याची बरगडी हाताला सहज लागली पाहिजे. वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. ह्याची कंबर कुठंय, दाखवा मला. एवढं ओझं पायांनी किती दिवस उचलायचं?"

सुंदराचा हात तिथेच राहिला. आयुष्यभर तो हात एकच भाषा शिकला होता, आणि त्या भाषेत सुखाला चरबी म्हणत.

शेवटी ती तयार झाली, पण दावं हातातून सोडणार नाही म्हणाली. बाजी, सुट्टीवर आलेला सिद्धनाथ आणि कोंडाजी, तिघांनी मिळून झोळी उचलली. ब्याऐंशी किलो. डॉक्टर म्हणाल्या, "साठ-बासष्टवर आणायचंय, हळूहळू." दांडग्या झोळीतून उतरला आणि सुंदरामागे घरात गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या कामाचा आनंद झाला.

मग खाणं मापात आलं. तो तिच्या ताटाकडे बघत बसायचा, म्हणून सुंदरा वाड्यामागे जाऊन, पाठ करून जेवायची. वजन थोडं थोडं उतरत होतं. पण पाय काही सुधारले नाहीत. एका सकाळी त्याला उठताच आलं नाही. सुंदरा त्याला पोत्यांवर निजवायची, कूस बदलायची. ताटलीत खाणं उरायला लागलं तेव्हा ती बाजीला म्हणाली, "शाना झाला बगा. आता मागत बी न्हाई."

पुन्हा झोळी बांधली. एकसष्ट! मी अभिमानाने काटा स्थिर धरला. सुंदराने बरगड्यांवर हात फिरवला आणि लहान मुलीसारखी हसली. "आवं, लागली. बरगडी हाताला लागली."

डॉक्टर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी त्याची मांडी दाबून पाहिली, ताटली पाहिली. "काकू, ही नुसती चरबी नाही गेली. ह्याचं मांस गेलंय. हा खात नाहीये."

सुंदराने दावं मुठीत आणखी घट्ट धरलं. दोन दिवसांनी दांडग्या गेला, तेव्हाही ते तिच्या मुठीतच होतं. करंजाखालीच त्याला पुरला.

तुमच्या दारात असं थोराड कुत्रं असेल तर एवढंच करा. लोक काय म्हणतात ते राहू द्या. त्याच्या बरगड्यांवर हात ठेवा, आणि तो हात बाजाराचा नसू द्या. माझ्या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नका. मी किती ते सांगतो, का ते मला कळत नाही.

विकलेल्यांची दावी खुंटीला आहेत. दांडग्याचं दावं मात्र सुंदराने माझ्या हुकाला अडकवलं. व्यापारी येतो तेव्हा बाजी ते काढतो, व्यापारी गेला की सुंदरा पुन्हा अडकवते आणि क्षणभर माझ्या तोंडाकडे बघते. दाव्याचं ते वजन काय असणार? माझा काटा शून्यावरून हलत नाही. आजवर मी कधी खोटं बोललो नाही. पण तिच्याकडे बघून शून्य दाखवताना मला वाटतं, मी खोटं बोलतोय.