माझा काळा लेप

मी एक जुनी पट्टी आहे, मित्रांनो. शाळेतली नव्हे, ती रेघा मारते, मी पाणी शुद्ध करते. आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा जरा सबुरीने ऐका.

माझं अंग टायटॅनियम धातूचं. त्यावर धातूच्या ऑक्साइडचा काळा लेप. एक थर लावायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा थर, पुन्हा भट्टी, असं बारा वेळा सोसलं मी. सगळी करामत त्या लेपाची. कापड रंगवण्याच्या कारखान्यातलं लालभडक पाणी आमच्या टाकीत येतं, वीज सुरू होते आणि रंगाचे कण माझ्यापाशी तुटून नाहीसे होतात. मग ते पाणी ओढ्यात सोडतात. टाकी सांभाळणाऱ्या मिस्त्रींची विहीर त्याच ओढ्याकाठी आहे. "माझी नात ते पाणी पिते, नीट काम कर गं," असं ते मला रोज बजावायचे.

मी विजेच्या धन टोकाला जोडलेली, आणि समोरच माझी शेजारीण, ऋण टोकाची पट्टी. तिच्यावर पांढरे क्षार चढतात. मिस्त्री ते दर आठवड्याला तारेच्या ब्रशने घासतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण गेल्या महिन्यात तपासणीला पाहुणे येणार होते आणि मिस्त्रींना भलताच हुरूप आला.

"हिच्यावर किती वर्षांचं काजळ बसलंय! आज हिलाही चमकवतो."

अहो, काजळ कसलं? तोच तर माझा जीव! पण मला कुठे तोंड आहे? खरवड, खरवड, खरवड. एक बाजू लख्ख झाली आणि ब्रशचा दांडा मोडला. देव पावला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी पाणी लालच राहिलं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला वर काढून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काका, लेपच खरवडलात की! ओढ्यात पाणी सोडलंत का?"

"अजून नाही. सोडायलाच निघालो होतो," म्हणत मिस्त्री ओढ्याकडची झडप घट्ट करायला धावले. "माझी नात..."

बाईंनी मला उलटं फिरवून बसवलं. पाठीवरचा लेप शाबूत होता, तो आता शेजारणीसमोर आला. तेव्हापासून मी एकाच अंगाने राबते. पाणी स्वच्छ व्हायला दुप्पट वेळ लागतो आणि मिस्त्री वाट पाहत बसतात.

मित्रांनो, एखादी वस्तू मळकी दिसली तर घासण्याआधी कुणाला तरी विचारा. एवढंच मागते.

काल मिस्त्री ओलं फडकं घेऊन आले. माझ्याकडे पाहिलं. हात थांबला. फडकं खिशात कोंबत म्हणाले, "नको. तू काळीच बरी."

एवढं कळायला माझं अर्धं अंग सोलावं लागलं!