बाहेरून बांधायचा तंबू

“काका, हे काय आणलंय?” सहल नेणाऱ्या तरुणने विचारलं. तरुण हे त्या जळगावच्या मारवाडी पोराचं नावच. वनाभाऊंनी पाठीवरचं बोचकं खाली टेकवलं आणि छाती फुगवून सांगितलं, “तंबू. घरना शे.”

घरचा म्हणजे अगदी घरचाच. वनाभाऊ अमळनेरला चाळीस वर्षं ताडपत्र्या शिवत होते. कापसाच्या गाड्या, केळीचे ट्रक, मार्केटातल्या धान्याच्या थप्प्या. ज्याच्या त्याच्या मापाची ताडपत्री. नूर महंमदचाचांच्या हाताखाली तयार झालेला हात, टाका उसवला म्हणून तक्रार घेऊन येणारा अजून जन्माला यायचा होता. शेजारी बसून कमलबाई कडा दुमडायच्या, भोकांत पितळी रिंगा ठोकायच्या. नवरा-बायकोने मिळून अर्ध्या खान्देशचा माल झाकला होता. स्वतः मात्र लग्नकार्याशिवाय उंबरा ओलांडला नव्हता.

ही दोघांची सहल लेकीने, चारुलताने, परस्पर ठरवली. दोन दिवस सातपुडा, पायी चढण, वर माथ्यावर तंबूत मुक्काम. आईच्या मनातलं तिला ठाऊक होतं. कमलबाई चोपड्याच्या. माहेरच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, पापड घालताना समोर रोज सातपुडा दिसायचा. आठ वर्षांच्या कमलने एकदा आईला विचारलं होतं, तिथून आपलं घर दिसत असेल का? आई म्हणाली, “तठे कोन जायेल शे? पापड पलट.” त्याला पन्नास वर्षं झाली. पापड पलटणं चालूच होतं.

“काका, आमचे तंबू दोन किलोचे आहेत. तुमचा चौदा तरी असेल. गाडीतच ठेवा ना.”

“माले नको तो कागदना तंबू,” वनाभाऊ म्हणाले आणि विषय संपला. आडमुठेपणात त्यांचा हात धरणारं अमळनेरात कुणी नव्हतं.

चढणीआधी उनपदेवच्या गरम झऱ्यावर सगळे थांबले. बाकीची कॉलेजची पोरं फोटो काढत होती. कमलबाईंनी लुगडं पोटरीपर्यंत धरून अर्धा तास पाय पाण्यात सोडले आणि गुडघ्यांना बजावलं, “आजना दिन सांभाळी ल्या.”

गुडघ्यांनी शब्द पाळला. दगा दिला तो वनाभाऊंच्या दमाने. अर्ध्या चढणीवर ते एका दगडावर बसले ते उठेनातच. तोंड पांढरं पडलेलं, सदरा ओलाचिंब. तरुण घाबरला. “काका, तुम्ही माझ्याबरोबर खाली चला. काकूंना बाकीचे नेतील वर.”

“तू जाय, कमल,” वनाभाऊ हळूच म्हणाले. “मी खाले ऱ्हास.”

कमलबाईंनी वर पाहिलं. माथा हाताशी आल्यासारखा दिसत होता. मग नवऱ्याकडे पाहिलं आणि बोचकं सोडलं. मोठ्या ट्रकवर दोन ताडपत्र्या रिंगांतून दोर ओवून जोडतात, तसाच तंबूही दोन पानांचा होता. त्या रिंगा त्यांनीच ठोकलेल्या. दोर ओढून काढला, पानं वेगळी केली, टॉवेलची चुंबळ करून एक पान डोक्यावर घेतलं.

“उठा, चारूना बाप. तुम्हना बिगर वर जाईसनी मी काय करू?”

वनाभाऊंना घोटभर पाणी लागलं, आणखी थोडा वेळ लागला, पण ते उठले. उरलेलं पान पाठीवर घेतलं, तंबूचे बांबू काठीसारखे टेकत चालू लागले. डोक्यावर ओझं घेतलेल्या कमलबाई पुढे आणि कॉलेजची पोरं धापा टाकत मागे, अशी ती वरात सूर्य बुडायच्या आधी माथ्यावर पोचली.

पण खाली काहीच नव्हतं. सगळ्या मैदानावर राखाडी धुरळा पसरलेला. चोपडा कुठे, तापी कुठे, काही कळेना. कमलबाई कडेला उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या. एवढं चढून पदरात धूळच, असं मनात आलं आणि डोळे भरले. उद्या सकाळी तर परतायचं होतं.

तेवढ्यात मागे हशा पिकला. तंबू उभा राहिला होता, झकास ताणलेला, सुरकुती म्हणून नाही. वनाभाऊंनी दाराचा पडदाही सफाईने आवळून दोर बांधला होता. फक्त बाहेरून. रिंगा, दोर, गाठी, सगळं बाहेर. जन्मभर माल झाकला. मालाला आतून दार कधी लावावं लागलं नव्हतं.

“आते आपण मधमा कसं जावानं?” कमलबाईंनी विचारलं.

वनाभाऊ दोर हातात घेऊन उभे राहिले. तरुण म्हणाला, “तुम्ही आत जा, मी बाहेरून बांधतो.”

“आम्ही काय केळीना घड शेतस?” असं म्हणून कमलबाईंनी पडदा वर टाकून दिला. दार उघडंच राहिलं. एका गोधडीत दोघं कुडकुडत झोपली. वारा थेट आत येत होता आणि वनाभाऊ मनातल्या मनात नूर महंमदचाचांची माफी मागत होते.

पहाटे उजेड सरळ कमलबाईंच्या डोळ्यांवर आला. त्या उठून दारात बसल्या. रात्रभरच्या वाऱ्याने मैदान झाडून काढलं होतं. केळीचे हिरवे चौकोन, रस्ता, पाण्याची टाकी. टाकीच्या डावीकडे घरांचा पुंजका.

“आयकतस का? उठा. ते देखा, मन्हं धाबं.”

ते धाबं पाडून भावाने स्लॅब टाकला त्याला बारा वर्षं झाली होती. वास्तुशांतीला वनाभाऊ स्वतः जेवून आले होते. इतक्या लांबून तर घरही वेगळं ओळखू येत नव्हतं. ते बायकोशेजारी येऊन बसले, डोळे बारीक करून बघितलं.

“दखास,” ते म्हणाले. “पापड बी दखातस.”

कमलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. फक्त गोधडीचं टोक त्यांच्या खांद्यावर ओढलं.

इतर तंबूंच्या चेनी उघडल्या तोवर ऊन वर आलं होतं आणि खाली पुन्हा धूसर झालं होतं. तरुण डोळे चोळत आला. “काकू, दिसलं का काही?”

“बठ्ठं दखायनं, सगळं,” कमलबाई म्हणाल्या, आणि खाली बसून तंबूचा दोर सोडू लागल्या.