काळ्या गाडीवरचे डोळे

लोक धंदा काढतात तेव्हा काढावा आणि बंद करतात तेव्हा गप्प बसावं, एवढं साधं शहाणपणही कडुबाकडं नव्हतं असं त्याचे सोयरे म्हणत. बजाजनगरात एकामागून एक शटर खाली येत होती, तेव्हा यानं आपलं वर केलं. वाळूजच्या कंपन्यांनी पाळ्या कमी केल्या होत्या, पोरं गावाकडं परतली होती, खानावळींच्या चुली थंड पडल्या होत्या. समोरचा हार्डवेअरवाला सामान टेम्पोत भरून निघाला, त्याच आठवड्यात कडुबानं घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडवर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली : के. एन. ऑटो बॉडी. 'के' म्हणजे कडुबा आणि 'एन' म्हणजे नूरमोहम्मद.

हौस म्हणून काही हे केलं नव्हतं. कडुबा एका कंपनीत गाड्यांच्या भागांना रंग मारायचा. ऑर्डरी आटल्या आणि कंपनीनं रंगाची लाइनच बंद केली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दुसरीकडं कोण उभं करतं? त्या दिवशी त्याच्या पोटात भीतीचा गोळा आला, तो मुक्कामालाच राहिला. बायको तनुजा पॅकिंगच्या कामाला पहाटेच जायची, तेव्हा हा जागाच असायचा. लोक विचारत, "काय कडुबा, कसं चाललंय?" हा हसून म्हणे, "मजेत." आणि हसताना त्याला घाम फुटे.

नूरमोहम्मद छावणी भागातला जुना डेंटर. साठीला टेकलेला, दाढी पांढरी, हात मात्र खणखणीत. ज्या गॅरेजात तो वर्षानुवर्षं पत्रा ठोकत होता ते बंद पडलं, आणि कुणाच्या तरी ओळखीनं तो कडुबाला येऊन मिळाला. चेपलेला दरवाजा तो आधी नुसता टिचक्या मारून ऐकायचा, मग हातोडी उचलायचा. कडुबा त्याला चाचा म्हणायचा. संध्याकाळी घरी जाताना चाचा आपली हातोड्यांची पिशवी शेडमधल्या खिळ्याला टांगून जायचा. डेंटर हत्यारं ठेवून गेला म्हणजे उद्या येणार, असं त्या धंद्यात समजतात.

पहिलं मोठं काम आलं ते आप्पासाहेबांचं. या माणसाच्या गाड्या कंपन्यांच्या साहेबलोकांना आणायला-सोडायला भाड्यानं लागलेल्या होत्या. त्यातल्या एका काळ्या गाडीचं बॉनेट आणि डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे ट्रकनं चेपले होते.

"कडुबा, ही एक देतो," आप्पासाहेब गाडीतून न उतरलेल्या माणसाच्या थाटात उभ्याउभ्या म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी न्यायला येतो. जमली, तर माझ्या समद्या गाड्या तुझ्याकडं. नाय जमली, तर बजाजनगरात कुणी तुझ्याकडं सायकलबी रंगवायला देणार नाय, एवढं मी बघतो."

आप्पासाहेब हसले. कडुबाही हसला.

चाचानं पत्रा असा काढला की बॉनेटवर हात फिरवला तर कुठं लागलं होतं ते हाताला कळेना. मग कडुबाची पाळी आली. गुरुवारी त्यानं फरशीवर पाणी मारलं, धूळ बसवली, हवेचा कॉम्प्रेसर चालू केला आणि रंगाची गन हातात घेतली. काळा रंग पत्र्यावर सुरेख पसरला. कडुबानं श्वास सोडला, आणि बघता बघता रंग फाटायला लागला. ठिकठिकाणी तो गोल मागं सरकला आणि खालचा राखाडी प्रायमरचा थर दिसू लागला. जिकडंतिकडं बारीक बारीक डोळे. अख्खं बॉनेट त्याच्याकडं टक लावून बघत होतं.

कंपनीत याला फिशआय म्हणत, आणि तो कशानं होतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं : तेल. तेलाचा कण असला तरी रंग तिथं धरत नाही. कंपनीत डोक्याला तेल लावून आलेल्याला दारातूनच परत पाठवायचे. म्हणून तर त्यानं स्वतः तेल लावणं कधीचं सोडलं होतं. पुन्हा घासलं, पुन्हा थिनरनं पुसलं, शुक्रवारी दुपारी पुन्हा मारलं. पुन्हा डोळे. कालच्यापेक्षा जास्त.

नेमका त्याच वेळी चाचा जुम्म्याची नमाज पढून आला. धुतलेला कुर्ता, डोळ्यांत सुरमा आणि कानामागं शहागंज बाजारातलं अत्तर. तो वास शेडमध्ये शिरला आणि कडुबाच्या डोक्यात लख्ख वीज चमकली. अत्तरात तेल असतं!

"चाचा!" तो केवढ्यानं ओरडला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. "हे अत्तर लावून माझ्या दुकानात यायचं नाय! मला बुडवायला निघालात का तुम्ही?"

समोरचा चहावाला वळून बघू लागला. गुरुवारी तर आपण अत्तर लावलं नव्हतं, एवढंही चाचा बोलला नाही. तो नळावर गेला, साबणानं कान, मान, हात धुतले, कुर्ता काढून घरी न्यायच्या थैलीत घातला आणि बनियनवर कामाला लागला. कालपर्यंत जे 'आपलं दुकान' होतं ते 'माझं दुकान' झालं, हे त्यानं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी तो निघाला तेव्हा हातोड्यांची पिशवी त्याच्या खांद्यावर होती. कडुबा रिकामा खिळा बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी चाचा आला. पण रोज पिशवी घेऊन यायचा आणि पिशवी घेऊन जायचा. बोलणं कामापुरतं. 'पॉलिशपेपर दे', 'पाणी मार', बास. रंग पार खालपर्यंत खरवडायला बुधवार उजाडला. कडुबाला आता जेवण जात नव्हतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं त्याचं झालं. समोरचा चहावाला त्याला करणी करणारा वाटू लागला, आणि दारात कुणी सहज टाकलेलं पिळलेलं लिंबू त्यानं चिमट्यानं उचलून नाल्यात फेकलं. हात थरथरतो का, हे बघायला तो उगाच गन उचलून धरायचा.

त्याची आई लक्ष्मीबाई हे सगळं पाहत होती. पिशोरहून ती लेकाचा संसार सावरायला आली होती. तनुजा कामाला गेली की म्हातारी शेड झाडायची, यंत्राला हळदकुंकू वाहायची, उदबत्ती लावायची. "कडू, खाल्लं नाय तू कालबी," एवढंच म्हणायची आणि पुन्हा पदराआड काहीतरी पुटपुटत बसायची.

बुधवारी कडुबा चाचाला जवळही येऊ देणार नव्हता. चाचा आपणहूनच बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. कडुबानं नाकातोंडाला फडकं बांधलं, देवाचं नाव घेतलं आणि गन दाबली.

डोळेच डोळे. आता तर दोन-दोन एकमेकांत मिसळून बटाट्याएवढे झाले होते.

कडुबानं गन खाली ठेवली. शुक्रवार परवावर आला होता. शेडचं भाडं, घर, पाटी, सगळं त्याच्या नजरेसमोरून निघून गेलं. आप्पासाहेब गावभर सांगत फिरताहेत, असं दिसू लागलं. आणि मग, भीती अगदी गळ्यापर्यंत आल्यावर, त्याला पहिल्यांदा एक सरळ विचार सुचला. चाचा बाहेर होता. अत्तर नव्हतं. मग तेल आलं कुठून?

कंपनीत हवा भिंतीतल्या पाइपातून यायची. ती कुठून येते, कशी येते हे बघणारी माणसं वेगळी होती. इथं हवा कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरमधून येत होती, आणि नवा कोरा म्हणून त्याच्याकडं कडुबानं कधी वाकून पाहिलंच नव्हतं. त्यानं गनमधला रंग काढला, गन थिनरनं स्वच्छ केली आणि पांढऱ्या कागदावर नुसती हवा मारली. कागदावर पिवळसर ठिपके उठले. त्यानं कागद नाकाला लावला. हा वास यंत्राच्या तेलाचा नव्हता. घरच्या देव्हाऱ्यातला होता. करडीचं तेल.

तो कॉम्प्रेसरजवळ गेला. हवा आत ओढून घ्यायची जी गोल जाळी असते, तिच्यावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं आणि लाल झालं. तेल आणि कुंकू.

लक्ष्मीबाई तेवढ्यात चहा घेऊन आली होती.

"माय, हितं तेल तू घालतीस?"

"घालते की," म्हातारी सरळ म्हणाली. "तुझा बाप पिशोरात गिरणी चालवायचा तवा रोज सकाळी पयलं तेल मशीनच्या तोंडात, मग दुसरं काम. कोरडं मशीन धन्यावर डूख धरतं बाबा. तुझं मशीन बी नवं, तुला कुठं येळ. म्हणलं आपणच घालावं."

कडुबाचं लाल झालेलं बोट पाहून ती घाबरली. जवळ येऊन हळूच म्हणाली, "आन पयल्यांदा थोडंच घालायचे. पण तू जेवंना, झोपंना. म्हणलं मशीन काय धार्जिणं होईना. तवापासून वाटी भरून घालते."

म्हणजे कडुबा जितका भ्याला, तितकं तेल वाढलं, आणि जितकं तेल वाढलं तितके डोळे वाढले. कुणाची करणी नव्हती की कुणाचं अत्तर नव्हतं. त्याला हसूही येईना आणि रडूही.

"माय," तो शेवटी मऊ आवाजात म्हणाला, "ह्या मशीनला आता पुरं झालं. उद्यापासून तू शटरला घालत जा. लई करकरतंय."

"व्हय, ते तर कोरडंच हाय," म्हातारी खूश होऊन वाटी शोधायला गेली.

मग त्यानं जाळी बदलली, टाकी उघडून धुतली, नळी फेकून नवी लावली. गुरुवारी रंग मारला. गन दाबताना त्यानं डोळे अर्धे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा बॉनेटवर शेडचे पत्रे, पत्र्यातली भोकं, त्याचं स्वतःचं उतरलेलं तोंड, सगळं स्वच्छ दिसत होतं. एकही डोळा नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी आप्पासाहेब आले. गाडीभोवती फिरले, वाकले, बोटानं दरवाजा वाजवून पाहिला. खोट काढायला आलेला माणूस खोट सापडेना की जसा चिडतो तसे ते जरा चिडले. मग म्हणाले, "उद्याच दोन गाड्या पाठवतो. दोन्ही ठोकलेल्या हायत. लई काम हाय पत्र्याचं." आणि गाडी घेऊन गेले.

लई काम हाय पत्र्याचं! कडुबाची छाती भरून आली, आणि त्याच क्षणी त्याची नजर चाचाकडं गेली. चाचा हातोड्या पिशवीत भरत होता. आज जुम्मा होता. दुपारी तो नमाजहून आला होता, पण वास कसलाच आला नव्हता.

"चाचा, आज अत्तर नाय लावलं?"

"शीशी देऊन टाकली," चाचा मान वर न करता म्हणाला.

कडुबा जवळ गेला. सांगणं भागच होतं. "चाचा, तेल अत्तराचं नव्हतं. माझी माय कॉम्प्रेसरमधी तेल घालत होती. रोज."

चाचाचा हात थांबला. तो हसलाच आधी. "अम्मा? तौबा!" मग हसू विरलं. "मग अम्माला बोललास का तू? मला बोललास तसं? समोरचा चहावाला ऐकेल असं?"

"नाय."

"का रे?"

"ती माय हाय, चाचा."

"आन मी?"

आठवडाभर कडुबा आप्पासाहेबांना भ्याला होता, रंगाला भ्याला होता, लिंबालाही भ्याला होता. पण या दोन शब्दांपुढं त्याची जी गाळण उडाली तशी कशानंच उडाली नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी त्यानंच दिली होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "लई भेलो होतो."

"भेलो तर मीबी होतो बेटा. या उमरमें मला कोण काम देणार? पण मी तुझ्याकडं बोट नाय दाखवलं." चाचानं पिशवी खांद्यावर टाकली आणि तो छावणीच्या रिक्षाकडं चालू लागला. उद्या येतो, असं काही म्हणाला नाही.

शनिवारी सकाळी लक्ष्मीबाईनं शटरच्या खाचेत वाटीभर तेल ओतलं होतं, त्यामुळं ते आवाज न करता वर गेलं. कडुबानं शेड स्वतः झाडली. रिकामा खिळा हातानं हलवून घट्ट आहे का पाहिला. समोरच्या चहावाल्याला जाऊन सांगितलं, "त्या दिवशी मी चाचाला बोललो ना, ते खोटं होतं. चूक आमच्या घरची होती." चहावाला म्हणाला, "बरं." मग कडुबा पायरीवर येऊन बसला. यायची वेळ झाली. वेळ टळली. छावणीकडून येणारी एक रिक्षा थांबली आणि दुसऱ्याच कुणाला तरी उतरवून गेली. कडुबा उठून खिळा पुन्हा एकदा बघून आला.

आणि मग वास आला. आधी अत्तराचा वास, आणि त्याच्या मागून चाचा. जुम्मा नव्हता, सण नव्हता, साधा शनिवार होता, तरी नवी शीशी आणून दोन्ही कानांमागं भरपूर अत्तर चोपडलं होतं. तो कडुबाच्या अंगावरून शेडमध्ये गेला, पिशवीतून एक हातोडी काढून घेतली आणि पिशवी खिळ्याला टांगली.

"आज रंगाचं काम नाय ना?" त्यानं विचारलं.

"नाय चाचा," कडुबा म्हणाला. "आज नुसता पत्रा."